आमच्या गॅलरीतलं डिझेल इंजन

तुमी भोंग्याचं इचारायला वर आलात ताई, आन् मी तुमाला माज्या माहेरापासनं सांगाया लागले तर तुमी म्हनाल म्हातारीला मानूस घावलं, पन काय सांगू तुमाला, दोन वर्सं झाली मी ह्या चार खोल्यांतनं खाली उतरलेली न्हाई, तवा मानूस घावलं हे खरंच हाय. बसा. त्या दिवानावर बसा, ही खुर्ची सोडून कुठंबी बसा. आन् भोंग्याचं सांगते, सांगनारच हाय, पन आदी मी कोन, हे कोन, ते कळल्याबिगर भोंगा कळायचा न्हाई.

माजं माहेर काष्टी. शनवारचा बैलबाजार भरतो ती काष्टी. बाप बाजारात दावी, कासरे, म्होरक्या इकायचा. मला सातवीपतूर शिकवलं, त्याचं कारन असं न्हाई की बापाला पोरीची लई हौस, शाळा घराच्या मागं हुती आन् आई म्हनायची घरात बसून नुसती जीभ चालवती, तिकडं चालवंल तर मास्तर तरी ऐकून घेईल. रूप म्हनाल तर दात पुढं, वेनी उंदराच्या शेपटीएवढी, पन ठुमका असा की बाजारातली बैलं मान वळवून बगत्यात असं मला वाटायचं. बैलं माशा उडवत हुती. सतराव्या वर्सी स्थळ आलं, पोरगा रेल्वेत, काळ्या इंजनावर फायरमन. मी काय ऐकलं? रेल्वेत. बास, पुढचं कायच ऐकलं न्हाई. कुनीतरी सांगितलं हुतं की रेल्वेवाल्याला पास मिळतो, बायकोला बी मिळतो, ह्या टोकापासनं त्या टोकापतूर फुकट. मंग काय, ती भवानी गावभर सांगत सुटली, मी आता काशीला जानार, मी आग्र्याला जानार, ताजमहालापुढं हुबं राहून फोटू काढनार, तुमी बसा काष्टीत शेन थापत. एका मैत्रिनीला तर म्हनले, तुला तिकडनं बांगड्या आनीन. ती अजून हाय, सासरी घोगरगावला, परवा फोनवर म्हनली, हिरे, बांगड्या कवा आनतीस?

तर त्या भवानीला हे ठावं नव्हतं की इंजनवाल्याची बायको गाडीत बसत नसती, क्वार्टरात बसती. दोन खोल्या, पुढं लाईन, मागं लाईन, आन् मदी मी. ह्यांची ड्यूटी कवा लागंल त्याचा नेम न्हाई. कॉलवाला यायचा, रजिस्टर घेऊन, सकाळी दहाला ईल न्हाईतर पहाटं ईल, सही घ्यायचा आन् म्हनायचा दोन तासांत हजर व्हा. त्या दोन तासांत भाकरी, कालवन, डबा, पान्याची सुरई. मंग मी कुठं जानार? बाजारात गेले आन् कॉल आला तर? हळदी-कुंकवाला गेले आन् कॉल आला तर? आन् हे ड्यूटीवरनं आले की दिवसा झोपायचे, तवा पोरांची तोंडं दाबून बसायचं, फोडनी बी घालायची न्हाई, तेल तडतडतं म्हनून. पास मिळायचे, खोटं कशाला बोलू. पत्र्याच्या पेटीत ठिवायचे. पेटीतच त्यांची मुदत सरायची. चौतीस वर्सं मी गाड्या बगितल्या, येनाऱ्या बगितल्या, जानाऱ्या बगितल्या, आन् बसले ती दोनदा मनमाडला, दोन्ही बारीला मयतीला.

आता डिझेलचं सांगते, कारन सगळा खेळ त्याच्यावरच हाय.

काळी इंजनं गेली, डिझेल आली. काळ्या इंजनावरच्या लोकांना ट्रेनिंगला घातलं, की बाबा आता कोळसा न्हाई, हे पुस्तक, हे शिका, तोंडी परीक्षा द्या, पास झालात तर डिझेलवर, न्हाई झालात तर बसा शेडमधी झाडू मारत. आमचं मालक चौथीपतूर शिकलेले. अक्षराला अक्षर जोडून वाचायचे, पान संपायच्या आत कॉल यायचा. मंग मी म्हनले द्या इकडं. मी भाकरी थापत वाचायची आन् हे समोर पाटावर बसून ऐकायचे. तीन म्हैने. पिठाच्या बोटांचे ठसे अजून त्या पुस्तकावर हायेत. परीक्षेला हे गेले, पास हे झाले, पेढे ह्यांनी वाटले, आन् लोकांपुढं म्हनाले, रातीचा दिवस केला मी. मी आत चहा गाळत हुते. बोलले न्हाई. म्हंजे त्या बारीला न्हाई बोलले, पुढं तीस वर्सं रोज बोलले.

पन वाचायला लागले तवाची माजी अक्कल सांगते, हसू नका. मला वाटायचं डिझेल इंजन म्हंजे मोठी यष्टी. डिझेल जळलं की चाकं फिरत्यात, ड्रायव्हर गिअर टाकतो. पुस्तकात तसं नव्हतंच. त्यात लिवलं हुतं की इंजन चाकाला हातसुदिक लावत न्हाई. मी म्हनले छापनाऱ्याचं चुकलं. मंग हे म्हनाले, अगं, तुज्या बापाच्या हिरीवर आदी काय हुतं? म्हनले तेलाचं इंजन, धडधड करायचं. आन् मंग? मंग वीज आली, मोटर बसवली. हां, तर म्हनाले, ह्याच्यात दोन्ही हायेत. वर तेलाचं इंजन, सोळा सिलिंडरचं, घराएवढं. ते काय करतं, नुसता जनरेटर फिरवतं, वीज बनवतं. ती वीज जाड केबलींतनं खाली जाती, आन् खाली सहा मोटरी, चाकांच्या एकेका आसाला एक. चाकं त्या मोटरी फिरवत्यात. म्हंजे आपलं वीजघर आपुनच पाठीवर घेऊन पळायचं. मी म्हनले मंग येवढा द्राविडी प्रानायाम कशाला, सरळ जोडा की चाकाला. त्याचं उत्तर पुस्तकात पुढच्या पानावर हुतं, ते मला लई आवडलं हुतं, ते पुढं सांगते, त्याची येळ येनार हाय.

आन् एकदा, एकदाच, मी त्या इंजनात चढले. स्टेशनच्या बाजूच्या लाईनीवर इंजन हुबं हुतं, हे डबा इसरले, मी घेऊन गेले. हे म्हनाले ये वर. साडी खोचून चढले. हे म्हनाले बस माज्या जागेवर, मी पानी भरून आनतो. आन् उतरून गेले की! मी एकली, आन् ते खाली धडधडतंय, भुई हालतीय, काटे थरथरतायत. मला वाटलं निघालं हे. निघालं मनमाडला. मी खिडकीतनं डोकं काढून अशी बोंबलले की प्लॅटफॉर्मवरची पेरूवाली पाटी टाकून पळाली. हे आले पळत, आन् खिशातनं एक लोखंडी दांडा काढून दावला. म्हनाले, बावळट, ही रिव्हर्सची मूठ, पुढं जायचं का मागं ते ही ठरवती. ड्रायव्हर खाली उतरला की ही काढून खिशात घालतो. ही नसली की इंजन कितीबी वरडू दे, तसूभर हालत न्हाई. उतरल्यावर दोन दिवस माजा घसा बसला हुता. त्या दोन दिवसांत लई शांत झोप लागली, असं हे सगळ्यांना सांगायचे.

तर, हे रिटायर झाले, नगरला सावेडीत पोराकडं आलो. पोरगा सुनील इम्याच्या हापिसात, सून अर्चना शाळंत शिकवती, दोघं सकाळी नऊला भाईर. मला वाटलं आता मी फिरनार. म्हनले आता कॉलवाला न्हाई, काय न्हाई, आता चला, काशी ऱ्हाऊ द्या, निदान शिर्डी तरी. गेलो बी दोन-चार ठिकानी. मंग ह्यांचं इसरायला लागलं. आदी चष्मा, मंग पत्ता, मंग नातवाचं नाव. मंग मी. एके दिवशी चहा दिला तर म्हनाले, बाई, पैसे किती? मी म्हनले उधारी चालती. काय करू? रडले असते तर चहा थंड झाला असता.

सगळं गेलं, इंजन तेवढं ऱ्हायलं. सा म्हैन्यांमागं ह्यांनी ही खुर्ची गॅलरीत घेतली आन् बसले. डावा हात असा पुढं, थ्रॉटलवर, म्हंजे चाल वाढवायच्या दांड्यावर, एक खाच, दोन खाच, आठपतूर. समोरच्या मेडिकलवर अधिकच्या खुनेचा हिरवा दिवा लागतो का न्हाई, तो ह्यांचा सिग्नल. रेल्वेत रीत अशी, ड्रायव्हरनं सिग्नल बगून मोठ्यानं बोलायचा आन् असिस्टंटनं बगून तोच परत बोलायचा, म्हंजे दोघांची खातरी. हे इथनं वरडायचे, होम सिग्नल हिरवा! मी सैपाकघरातनं, हिरवा! न्हाई वरडले की परत, होम सिग्नल हिरवा! वरनं शिट्टीगत तोंडानं भोंगा. लोकं म्हनायची म्हातारा-म्हातारीचं काय चाललंय. आमचं मनमाड चाललंय.

तवर गंमत हुती. मंग हे उठेनात. जेवन खुर्चीत, झोप खुर्चीत, सगळंच खुर्चीत, मी काय म्हनते ते समजून घ्या. उठा म्हनलं की म्हनायचे, चालू इंजन सोडून उठायचं नसतं, रिलीफ आला का? दुसरा ड्रायव्हर येऊन चार्ज घेतल्याबिगर आपुन हालायचं न्हाई, हा नियम, आन् चाळीस वर्सं ह्यांनी तो मोडला न्हाई. ह्यांचा बाप गेला तवा बी रिलीफ यायची वाट बगत हे गाडीवर हुते, अग्नी चुलतभावानं दिला. तर पाय सुजले, भोपळ्यासारखे. आन् बैठकीला जखम झाली. आदी रुपायाएवढी, मंग मूठभर. डॉक्टर घरी आले, बगितलं, मला आत बोलावून म्हनाले, आजी, ही आता हाडाकडं निघालीय. ह्यांना उठवा. दिवसातनं चारदा चालवा, कुशीवर झोपवा, वारं लागू द्या. न्हाईतर जखमेचं इख अंगात भिनंल, मंग माज्या हातात काय न्हाई. आन् औषध? म्हनले. म्हनाले, हेच औषध, उठनं.

आता उठवायचं कसं? सुनीलनं आदी बळ लावलं. काखेत हात घालून उचलाय लागला तर ह्यांनी त्याच्या कानसुलात अशी दिली की त्याचा चष्मा खालच्या जाळीत पडला. गाडीवर कुनी चढला तर ड्रायव्हर गप बसंल व्हय? मंग मी म्हनले, अरे, रिलीफ हो की. रविवारी सुनीलनं पांढरा शर्ट घातला, हातात बॅग घेतली, बेल वाजवून आला, नमस्कार, मी रिलीफ. ह्यांचं तोंड उजळलं बगा. म्हनाले, ये, लई उशीर केलास. उठाय लागले, अर्धे उठले, मी देवाचं नाव घेतलं, आन् मदीच थांबले. म्हनाले, पोरा नवा दिसतोस, इंजन कसं चालतं सांग बरं. आमचं चिरंजीव छाती काढून म्हनाले, डिझेल जळतं, पिस्टन हालतो, गिअर टाकला की चाकं फिरत्यात.

गिअर!

ड्रायव्हरच्या पोटचं पोरगं, आन् म्हनं गिअर. हे परत बसले. म्हनाले, कुठल्या गिअरात चढ चढवशील रे? ह्याला उतरवा खाली, माज्या मागं दोन हजार टन हायेत. सुनील माज्याकडं बगून म्हनाला, आई, तू सांगितलं न्हाईस कवा. खरंच हाय, कवा सांगनार, आमी त्याचं तोंड दाबून बसलेलो असायचो.

मंग चूक केली ती मी. दुसऱ्या दिवशी मला शहानपन सुचलं. म्हनले इंजन चालू हाय म्हनून उठत न्हाईत ना, मंग इंजनच बंद करू. गेले आन् म्हनले, साहेब, कंट्रोलचा निरोप हाय, इंजन बंद करा. आन् इथली ट्यूबलाईट घालवली. अरे देवा. ह्यांचा चेहरा असा पडला, म्हनाले, बंद? लाईनवर बंद? बॅटरी उतरलीय, परत कोन चालू करनार? काय करून बसले मी बगा! डिझेलवाला इंजन कवा बंद करत न्हाई. उन्हात हुबं असू दे न्हाईतर पावसात, ते धडधडत ठिवायचं, कारन चालू करायला बॅटरीनं जनरेटरलाच उलटं फिरवून इंजनाला धक्का द्यावा लागतो, आन् बॅटरी मेली तर इंजन मेलं, मागची गाडी अडली, सगळी लाईन अडली. आन् बंद पडलेल्या इंजनावरनं ड्रायव्हरनं कसं उठायचं? हे सगळं मीच वाचून दावलेलं, माज्याच तोंडानं, आन् मीच इसरले. सातवी पास! दोन दिवस हे घास घेईनात. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेले. ड्रेसिंगला आलेली नर्स म्हनली, आजी, वास याय लागला. त्या वासात मी दोन दिवस हुबी हुते, ताई, आन् मला पहिल्यांदा वाटलं की सुटू दे आता. ह्यांना का मला, ते ठरवलं न्हाई. वाटलं खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामाला गेली आन् मी पेटीतलं पुस्तक काढलं. चष्मा लावून चाळलं, पाच-सा पानं. पिठाचे ठसे हुतेच. मंग सुनीलचा पांढरा शर्ट साडीवर चढवला, पदर आत खोचला, आन् भाईरच्या दारानं भाईर गेले, बेल वाजवली, मीच दार लोटलं, मीच आत आले. आरशात बगितलं न्हाई ते बरं केलं. ट्यूब लावली, म्हनले, साहेब, बॅटरी बदलली, इंजन चालू झालं बगा. ह्यांनी कान दिला. खालनं कुनाचा तरी टेम्पो धडधडत हुता, देवासारखा. म्हनाले, हां, झालं चालू. मंग मी म्हनले, आन् मी रिलीफ.

वरनं खालपतूर बगितलं. म्हनाले, बाईमानूस? म्हनले, व्हय, आता बायांना बी घेत्यात इंजनावर. कवापासनं? म्हनले, झाली लई वर्सं, तुमी सारखं लाईनवर, तुमाला कोन सांगनार. म्हनाले, गिअर टाकनारी न्हाईस ना? म्हनले, गिअर असतो कुठं टाकायला? तवा जरा सावरून बसले, आन् बसताना जखम दाबली गेली, डोळ्यांत पानी आलं ह्यांच्या, पन म्हनाले, तोंडी घेतो. चाकं कोन फिरवतं?

मोटरी, म्हनले. सहा. मंग डिझेल कशाला जळतं? जनरेटर फिरवायला. मंग इंजन सरळ चाकाला का जोडत न्हाईत, येवढा खटाटोप का? हेच ते, ताई, मला आवडलेलं पान. म्हनले, तेलाचं इंजन पळत असलं तरच त्याच्यात जोर, हुबं असताना त्याच्यात जीव नसतो, हुब्या गाडीला जोडलं तर गाडी हालायच्या आदी तेच बंद पडंल. आन् इजेच्या मोटरीचं उलटं, ती हुबी असती तवाच तिचा जोर सगळ्यात जास्ती. म्हनून इंजनानं वर आपलं पळत ऱ्हायाचं आन् खालच्या मोटरीनं हुब्या जागेवरनं वढायचं. ह्यांनी मान हालवली. चढाला, पाऊस पडलाय, चाकं जागच्या जागी फिराय लागली, काय करशील? म्हनले, थ्रॉटल खाली घेनार, वाळू सोडनार रुळावर. जास्ती खाच दिलीस तर? तर चाकं नुसती फिरतील आन् रूळ झिजंल, गाडी तिथंच. हां.

मंग म्हनाले, उतारावर? मागं दोन हजार टन ढकलतायत, नुसत्या ब्रेकवर राहिलीस तर ठोकळे जळतील. काय करशील?

आन् मला आठवंना. काय सांगू तुमाला, डोकं कोरं. पान दिसत हुतं, डाव्या बाजूला चित्र हुतं ते बी दिसत हुतं, अक्षर दिसंना. हे बगतायत. ओठ आवळलेला, कळ मारत असनार. मला ठावं हुतं, आता चुकले तर हे मला बी उतरवनार, आन् मंग तिसरा रिलीफ कुठनं आनू? म्हनाले, न्हाई ना येत? मी म्हनले, थांबा साहेब, उतार लांब हाय अजून. आन् मला करपल्याचा वास आठवला. ते पान वाचताना भाकरी करपली हुती माजी, आन् सासूनं इचारलं हुतं लक्ष कुठं हाय, आन् लक्ष कुठं हुतं ते आठवलं. म्हनले, उतारावर मोटरींची वीज तोडायची. मंग गाडीच चाकं फिरवती, चाकं मोटरींना फिरवत्यात, आन् मोटरी वीज खायच्या बंद व्हून वीज बनवाय लागत्यात, त्यानंच गाडीला वढ बसती, चाल कमी व्हती. मंग ती वीज जाती कुठं? कुठंच न्हाई, म्हनले. टपाखाली लोखंडाच्या जाळ्या हायेत, तिथं नुसती तापती, आन् पंखा ती गरमी वाऱ्यावर सोडतो. कुनाच्या उपेगाची न्हाई. पन गाडी सुटत न्हाई हातातनं.

ह्यांनी खुर्चीवरचा हात सोडला. मंग म्हनाले, लिव. चार्ज घेतला. कुनाकडनं घेतला ते नाव लिव, आन् मोठ्यानं वाच.

आता बगा, त्रेपन्न वर्सं. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, त्याच्यापुढं ह्यांचं नाव माज्या तोंडात आलेलं न्हाई. रेशनकार्डावर साहेबानं इचारलं तर पोराला पुढं केलं. आन् हे थांबलेत. शर्टाच्या खिशातनं सुनीलचं पेन काढलं, दुधाच्या वहीवर लिवलं, आन् वाचलं, ड्रायव्हर रंगनाथ भिवाजी गायके यांच्याकडून इंजन चालू स्थितीत मिळाले. हे म्हनाले, बराबर. आन् हवेतनं ती रिव्हर्सची मूठ काढली, माज्या हातात ठिवली, आन् उठले.

उठले, ताई! भिंतीला धरून. मी धरायला गेले तर म्हनाले, तू बस, चालू इंजन मोकळं सोडू नको. मंग मी बसले ह्या खुर्चीत. हे दोन पावलं गेले आन् वळून म्हनाले, गाडी जड हाय, घाई करू नको. मी घरी जातो, मंडळी वाट बगत असंल. मला ऱ्हावतंय व्हय? म्हनले, कशी हाय वो तुमची मंडळी? म्हनाले, दात पुढं हायेत. लई बोलती. म्हनले, मंग टाकून द्यायची. तर म्हनाले, न्हाई न्हाई, हे पुस्तक तिनं माज्याकडनं करून घेतलं, न्हाईतर मी झाडू मारत असतो. पन तिला कुठं नेलं न्हाई बग मी. आता रिलीफ मिळाला, आता नेतो. कुठं? म्हनले. म्हनाले, ती म्हनंल तिथं.

चौदा पावलं हायेत हितनं पलंगापतूर. मी मोजली. आन् आत जाऊन ह्यांनी हाक मारली, हिरे, ए हिरे. दोन वर्सांत ते नाव ह्यांच्या तोंडात आलं नव्हतं, आन् मी ओ द्यावी तर खुर्ची सोडावी लागनार, खुर्ची सोडली की हे परत येऊन बसनार. न्हाई दिली. तोंडात पदर कोंबून बसले. जरा येळानं आतनं आवाज, घर उघडं टाकून गेली कुठं ही बाई! आन् मंग हे कुशीवर आडवे झाले. वारं लागाय लागलं जखमेला.

तर आता हे असं चाललंय. दिवसातनं चारदा मी भाईरच्या दारानं येते, चारदा परीक्षा देते, चारदा नाव वाचते. आता लाज न्हाई वाटत, आता तर मी गायके अण्णा म्हनते, चहा घ्या अण्णा म्हनते. हे आत जात्यात, हिराला धुंडत्यात, भाईर येऊन मला इचारत्यात, बाई, आमची मंडळी दिसली का? मी म्हनते दिसली, दळनाला गेलीय, ईल. आन् आतनं ह्यांना इंजनाचा आवाज आला न्हाई की उठून येत्यात, म्हनून मी भोंगा वाजवते. तुमाला वाटलं असंल म्हातारा वाजवतो. मीच ती. तुमच्या लेकराची परीक्षा हाय म्हनता, तर दुपारचा जरा बारीक वाजवीन, पन बंद करता यायचा न्हाई. जखम आता परत रुपायाएवढी आली. डॉक्टर म्हनाले, आजी, काय केलंत? म्हनले, प्रमोशन घेतलं. गुडघे मात्र माजे सुजाय लागलेत, बसून बसून. सून म्हनती बाई ठिवू. ठिव की, म्हनले, पन तिला उतारावरची वीज कुठं जाती ते इचार आदी.

चला, तुमचा सैपाक ऱ्हायला असंल. पहिल्यांदा आलात, सवाष्णीला तसंच पाठवू नये, पन हे आत्ताच आत गेलेत, डोळा लागलेला न्हाई, मला उठता यायचं न्हाई. देवळीत करंडा हाय, तुमच्याच हातानं हळद-कुंकू लावून घ्या, वाटीत खडीसाखर हाय ती बी घ्या, आन् जाताना लेकरांना घेऊन कुठंतरी लांब फिराय जात ऱ्हावा, गाडीनंच जावा, खिडकीला बसा. दार तेवढं भाईरनं वढून घ्या, ताई. हळू. हिरवा पडलाय.